शिवण-उसवण (भाग ९) : मिसेस एक्सेटर गेल्या कुठे?

१९४०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश 'व्होग'च्या पानांवर एक बाई नेमाने दिसू लागली. नाव मिसेस एक्सेटर. ती खरी कुणी नव्हती, संपादकांनी घडवलेलं पात्र होतं. वय साठीला टेकलेलं. दिसायची तेवढीच, एक दिवसही लहान नाही, आणि त्याची तिला खंतही नव्हती. कधी ती रेखाचित्रांत असायची, कधी छायाचित्रांत. मार्गो स्मायली ही मॉडेल तर मिसेस एक्सेटर म्हणूनच ओळखली जायची. युद्ध नुकतंच संपलं होतं. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४९पर्यंत चालू होतं. अशा दिवसांत ही बाई वाचकांना सांगायची, की कपडे मोजकेच घ्या, पण चांगल्या कापडाचे आणि अंगावर नीट बसणारे घ्या.

जगातल्या एका नामांकित फॅशन मासिकात साठीच्या बाईला हक्काची जागा होती, हे आज अनेकांना खरं वाटणार नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती टिकली आणि मग नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही.

गेल्या आठवड्यात आपण तयार कपड्यांवरचे एस, एम, एल कुठून येतात ते पाहिलं. आज त्याच मापांच्या तक्त्यातून कोण निसटलं ते पाहायचं आहे. मिसेस एक्सेटरचं जाणं आणि आज तुमच्या आईला न बसणारी कुर्ती या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत, असं मला वाटतं.

आधी ती का गेली, ते पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फॅशन हा पोक्त बाईचा प्रांत होता. पॅरिसच्या मोठ्या शिवणघरांत कपडे शिवून घ्यायची ऐपत असायची ती लग्न झालेल्या, घरादाराच्या मालकिणींची. सतरा-अठरा वर्षांच्या मुली आईसारखे कपडे घालत, कारण मोठं दिसण्यात मान होता. १९५५ साली मेरी क्वांटने लंडनच्या किंग्ज रोडवर 'बझार' नावाचं दुकान काढलं आणि वारं फिरलं. युद्धानंतर जन्मलेली भली मोठी पिढी पुढच्या काही वर्षांत कमावू लागली. तिच्या हातात पैसा होता आणि घरच्या जबाबदाऱ्या अजून यायच्या होत्या. कारखान्यात शिवलेले स्वस्त, तयार कपडे तिनेच उचलले. अमेरिकन 'व्होग'च्या संपादक डायना व्रीलँड यांनी १९६५ साली या लाटेला 'यूथक्वेक' असं नाव दिलं. १९६६ साली ट्विगी ही सोळा वर्षांची, काडीसारखी मुलगी त्या वर्षाचा चेहरा ठरली. तेव्हापासून आयाच मुलींसारखं दिसायला धडपडू लागल्या.

ब्रिटनमधल्या समाजशास्त्रज्ञ ज्युलिया ट्विग यांनी 'फॅशन अँड एज' या २०१३ सालच्या पुस्तकात या सगळ्याचा माग काढला आहे. वय वाढलं की रंग मळकट, कापड झाकणारं, आकार ढगळ अशी एक अलिखित शिस्त समाज बाईवर लादतो, हे त्यांनी उलगडून दाखवलं. आपल्याला ती शिस्त नवी नाही. लाल अलवणातल्या विधवा पाहिलेली माणसं महाराष्ट्रात अगदी परवापर्यंत होती. अलवण गेलं. पण 'वयाला शोभेल असं' या तीन शब्दांचा पहारा उठलेला नाही.

चित्रांमध्ये मात्र गेल्या वीस वर्षांत वयस्कर बाई परत आली. त्यातला एक धागा मला फार बोलका वाटतो. ब्रिटनच्या 'मार्क्स अँड स्पेन्सर'चा धंदा घसरला होता. २००५ साली त्यांनी जाहिरातींसाठी ट्विगीला आणलं. जिच्या उदयाबरोबर मिसेस एक्सेटर मावळली तीच मुलगी पन्नाशी ओलांडून परत आली, आणि दुकानाची गाडी रुळावर आणण्याच्या श्रेयात तिलाही वाटा मिळाला. अभिनेत्री इझाबेला रोसेलिनी १९८२पासून 'लाँकोम' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा चेहरा होत्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांचा करार संपवण्यात आला आणि २०१६मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी, त्याच कंपनीने त्यांना परत बोलावलं. २०१५मध्ये 'सेलीन' या फॅशन ब्रँडच्या जाहिरातीत लेखिका जोन डिडियन झळकल्या, तेव्हा त्या ८० वर्षांच्या होत्या. आयरिस अ‍ॅफेल या इंटिरिअर डिझायनर बाईंनी ९७व्या वर्षी मोठ्या मॉडेलिंग एजन्सीशी करार केला. २०२३ साली 'व्होग फिलिपिन्स'ने मुखपृष्ठावर १०६ वर्षांच्या अपो व्हांग-ओद या गोंदणकार आजी छापल्या. आपल्याकडे त्याच वर्षी झीनत अमान सत्तरी ओलांडून, पांढरे केस मिरवत, लॅक्मे फॅशन वीकच्या रॅम्पवर चालल्या.

हे सगळं पाहून मला मनापासून आनंद होतो. त्या मुखपृष्ठावरच्या अपो व्हांग-ओद यांच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती पुसलेली नाही, आणि ते छायाचित्र कितीही वेळ पाहत राहावं असं आहे. तरी माझं एक म्हणणं आहे आणि ते मी स्पष्ट मांडते. या स्त्रिया अपवाद म्हणून निवडल्या गेल्या. कुणी नामवंत लेखिका, कुणी सिनेतारका, कुणी शंभरी पार केलेली कलावंत. रॅम्पवर चालणाऱ्या व्यावसायिक वयस्कर मॉडेल पाहा. कार्मेन डेलोरेफिचे १९४७ साली, पंधराव्या वर्षी, पहिल्यांदा 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आल्या आणि ८५व्या वर्षीही पॅरिसमध्ये चालल्या. उंच, सडपातळ, ताठ पाठ, पांढरेशुभ्र केस. त्यांची मेहनत वंदनीय आहे. पण त्यांच्या अंगावरचा कपडा विशीतल्या मुलीच्याच आकृतीवर बेतलेला असतो. चेहऱ्याचं वय बदललं, मापाचं बदललं नाही. आणि बासष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, पोट थोडं सुटलेली, पेन्शन घेणारी बाई अजून कुठल्याच चित्रात नाही.

आता मापांकडे येऊ. खरं दुखणं तिथे आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० साली सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. तयार कपड्यांच्या तिथल्या प्रमाण मापांचा पाया हाच, पण त्यात तरुण, गोऱ्या बायकांचा भरणा जास्त होता. पंचावन्नच्या पुढच्या बायकांसाठी वेगळा तक्ता यायला १९९०चं दशक अर्धं सरावं लागलं. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सहा हजारांहून अधिक बायका मापून जुन्या प्रमाणाशी ताडून पाहिल्या, तेव्हा मापं बरीच वेगळी निघाली.

आपल्याकडे केंद्र सरकार आणि 'निफ्ट' ही फॅशन शिक्षणाची संस्था यांनी 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. भारतीय शरीरांचा स्वतःचा तक्ता नव्हता, विदेशी मापांवर काम चालायचं. त्यासाठी देशाच्या सहा भागांत २५ हजार स्त्री-पुरुषांचं थ्रीडी स्कॅनरने मापन करायचं ठरलं. फार मोलाचं काम आहे हे. पण त्यासाठी ठरवलेला वयोगट आहे १५ ते ६५. म्हणजे सहासष्टाव्या वर्षी बाई देशाच्या मापातूनच बाहेर. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या बायका सव्वापाच कोटींहून जास्त होत्या.

साठीनंतर शरीरात नेमकं काय होतं, ते एखाद्या जुन्या, मुरलेल्या ब्लाऊजवाल्या मास्तरांना विचारा. मणके दबतात, उंची कमी होते, पाठीला बाक येतो, खांदे पुढे येतात. त्यामुळे पाठीला कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. तयार कुर्तीत पाठ अपुरी पडते, म्हणून मागचा घेर वर चढतो, गळा मागे ओढला जाऊन घशाशी रुततो आणि छातीवर आडव्या चुण्या पडतात. छाती खाली उतरलेली असते, पण टक्स वरच संपतात. दंड भरतो आणि मुंढा काचतो. पोटावर बसावी म्हणून बाई दोन साइझ मोठी कुर्ती घेते, की खांदे दंडावर लोंबतात आणि बाही कोपर गिळते. वयस्कर बाया ढगळ कपडे घालतात असं आपण म्हणतो. तो ढगळपणा मुळात या तक्त्याने दिलेला आहे, त्यांनी तो आवडीने निवडलेला नसतो.

मराठी घरांत हा प्रश्न नव्याने आला, त्याचं कारण साडी. नऊवारी असो की सहावारी, तिला माप नाही. पोट सुटो, पाठ वाको, निऱ्या एक जास्त किंवा एक कमी घातल्या की झालं. अंगाबरोबर मापाचं एकच वस्त्र, ब्लाऊज, आणि ते मास्तर समोर उभं करून, टेप लावून शिवायचे. शिवणीत दोन बोटं माया असायची, दोन वर्षांनी उसवून सैल करता यायचं. हूक पुढे असायचे. आज साठी-सत्तरीच्या असंख्य मराठी बायका लोकलच्या गर्दीसाठी, गुडघ्यांसाठी, नातवाला शाळेतून आणण्यासाठी, आणि बदलीच्या किंवा परदेशातल्या मुलांकडे राहायला जाण्यासाठी ड्रेस, कुर्ती, पँटकडे वळल्या आहेत. अगदी योग्य केलं त्यांनी. पण साडीने आयुष्यभर ज्या तक्त्यापासून त्यांना लांब ठेवलं होतं, त्याच्या तावडीत त्या नेमक्या अशा वयात सापडल्या, की त्यांचं वय त्या तक्त्यात धरलेलंच नाही.

मावशीबरोबर एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात गेले होते. मावशी चौऱ्याहत्तरची, निवृत्त मुख्याध्यापिका. तिला हळदी रंगाची कुर्ती हवी होती. तिने तसं विक्रेत्या मुलाला सांगितलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आजींसाठी सोबर दाखवतो, इंग्लिश कलरमध्ये." मावशी पुन्हा म्हणाली, "बाळा, मला हळदी दाखव." तो आतून राखाडी आणि फिकट गुलाबी घेऊन आला. मग हळदी रंगाची तिने स्वतःच शोधून काढली. ट्रायल रूममध्ये टेकायला स्टूल नव्हतं. पायात अडकवलेली पँट बदलताना ती भिंतीला हात लावून एका पायावर उभी होती, आणि मी बाहेरून "धरू का गं?" विचारत होते. कुर्तीची चेन पाठीवर होती. मावशीचा उजवा खांदा तेवढा मागे जात नाही. कुर्ती तिथेच राहिली.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही की गिऱ्हाईक तीच आहे, पैसे तीच देणार आहे, पर्सही तिच्याच हातात आहे. दुकानाच्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत वीस-पंचवीस वर्षांच्या मुली. जाहिरातींत वयस्कर बाई दिसते ती गुडघेदुखीच्या तेलात, विम्यात, किंवा लग्नाच्या साडीच्या जाहिरातीत नवरीच्या मागे कौतुकाने बघत उभी. तिनेही शालू नेसलेला असतो, पण तो विकायचा नसतो. तो मुलगा रोज हेच बघतो.

आणि हे धंद्यालाही परवडणारं नाही. ट्विग आणि त्यांच्या सहकारी शिनोबू माजिमा यांनी ब्रिटनमधल्या घरखर्चाची १९६१ ते २०११ची आकडेवारी तपासली. वयस्कर बायका पूर्वीपेक्षा किती तरी जास्त वेळा कपडे खरेदी करतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या आणि सरकारी नोकरीतल्या बायकांची पहिली मोठी पिढी आता पेन्शनीत आहे. स्वतःचा पैसा स्वतःवर खर्च करायला ती तयार आहे. तिच्यासाठी कपडा बेतायला नवं यंत्र लागत नाही. चेन किंवा बटणं पुढे घ्या, मागची उंची इंचभर वाढवा, टक्स खाली उतरवा, मुंढा थोडा सैल कापा, शिवणीत माया सोडा, खिसा द्या. एखाद्या तालुक्याच्या गावची शिवणकाम करणारी बाईही हे सगळं जाणते. कारखान्यातल्या पॅटर्न मास्तरला ते कुणी सांगत नाही, एवढंच.

म्हणून माझ्या लेखी रॅम्पवरच्या पांढऱ्या केसांइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा आहे तो मापाचा टेप. कुर्ती ज्या बाईच्या अंगावर घालून बेततात, ती फिट मॉडेल एकदा तरी अडुसष्ट वर्षांची असायला हवी. 'इंडियासाइझ'सारख्या कामात पासष्टच्या पुढचा गट वेगळा घ्यायला हवा. तोवर भिंतीवर फोटो बदलून भागणार नाही.

वाचकांना एक विनंती. आईला, सासूबाईंना, आत्याला, मावशीला घेऊन दुकानात जाल तेव्हा विक्रेता तुमच्याशी बोलायला लागला तर बाजूला व्हा, त्यांनाच बोलू द्या. ट्रायल रूममध्ये स्टूल मागा, नसेल तर मॅनेजरला सांगून मागा. बसली नाही म्हणून कुर्ती परत करताना 'साइझ' एवढंच लिहू नका. मागची उंची कमी, चेन पाठीवर, मुंढा घट्ट असं कारण स्पष्ट लिहा. ऑनलाइन दुकानांत ही कारणं मोजली जातात. आणि तुमच्या ओळखीत असा एखादा मास्तर किंवा बाई असेल, जी बाक आलेल्या पाठीला नीट बसेल असं शिवते, तर त्यांची पद्धत मला लिहून कळवा. पुढच्या भागात आपण चपला-बुटांकडे वळणार आहोत, त्याआधी या पत्रांसाठी अर्धं पान राखून ठेवलं आहे.