फ्लूचे औषध लागू पडते का, हे कोण पाहते?

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे नाव एकाएकी जगभर गेले. तेथील पोल्ट्रीतील कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातील ही पहिलीच नोंद होती. लाखांवर कोंबड्या मारून पुरण्यात आल्या व ते काम करणाऱ्यांना खबरदारी म्हणून टॅमीफ्लू देण्यात आले. माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. मात्र हे औषध फक्त कोंबड्यांच्या रोगावरचे, असा समज आम्हाला आजही काहींच्या बोलण्यात आढळतो. वस्तुतः दरवर्षी येणाऱ्या फ्लूने रुग्ण गंभीर झाला, तर डॉक्टर हेच औषध देतात. त्याचे मूळ नाव ओसेल्टामिविर.

हा विषाणू आपल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. त्या प्रतींना पेशीपासून सोडवणारे न्यूरामिनिडेज नावाचे विकर असते. ते जणू कात्रीच होय. औषध तिच्या खाचेत अडकून बसते. परंतु प्रती काढताना विषाणू अतोनात चुका करतो (आमच्या बँकेत एखाद्या कारकुनाने तेवढ्या केल्या तर पहिल्याच दिवशी मेमो मिळेल!). एखाद्या चुकीने खाचेचा आकार बदलतो आणि औषध तेथे बसेनासे होते. एच१एन१ विषाणूत २७५ व्या जागी हिस्टिडीनऐवजी टायरोसीन आले, की तेवढा एक बदल त्यास पुरतो.

औषध अर्धवट घेतल्याने जंतू निर्ढावतात, हे आपण क्षयरोगाबाबत ऐकत आलो आहोत. येथे निराळेच घडले. जानेवारी २००८ मध्ये नॉर्वेत असे निर्ढावलेले एच१एन१ विषाणू मोठ्या प्रमाणात आढळले, आणि त्या देशात हे औषध फारच थोडे वापरले जात असे! पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगातील जवळजवळ सर्व हंगामी एच१एन१ तसे झाले. सुदैवाने २००९ मध्ये आलेल्या स्वाइन फ्लूच्या विषाणूने त्यांना हुसकावले आणि या नव्या विषाणूवर औषध चालत होते. आजही बहुतेक फ्लू विषाणूंवर ते चालते. त्यापूर्वीच्या अमान्टाडीनचे मात्र तसे झाले नाही. नवापूरच्या घटनेच्या महिनाभर आधीच अमेरिकेने ते फ्लूसाठी वापरू नये असे डॉक्टरांना कळवले होते. ते आजतागायत निरुपयोगीच आहे.

नॉर्वेतील गोष्ट कळली ती नमुने तपासले जात होते म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून यासाठी प्रयोगशाळांचे जाळे विणले असून त्यात शंभराहून अधिक देश आहेत. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे काम करते. विकर थांबवण्यास किती औषध लागते हे तेथे मोजतात, तसेच विषाणूची जनुके वाचून नेमका कोणता बदल झाला ते पाहतात. जगभरातील निवडक विषाणू लंडन, अटलांटा, मेलबर्न, टोकियो व बीजिंग येथील केंद्रांत पुन्हा तपासले जातात.

आमच्या मते खरी अडचण याच्या अलीकडची आहे. धडगाव किंवा तोरणमाळच्या रुग्णाचा नमुना बर्फाच्या डब्यातून, थंड राहून, प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावा लागतो. जेथून नमुना जात नाही, तेथला विषाणू कोणत्याच तक्त्यात येत नाही. आणि नॉर्वेचा अनुभव पाहता, येथे औषध कमी खपते म्हणून येथे धोका नाही, असेही म्हणता येत नाही. यासाठी ताप आल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतला नमुना उत्तम. दवाखान्यात तो मागितला तर पुष्कळ लोक बिचकतात. नाकात वा घशात कापसाची काडी फिरवतात, क्षणभर डोळ्यांत पाणी येते, एवढेच.