आधी वेलांटी बघा

मुंबईहून गोव्याकडे निघालं की सुमारे १२० किलोमीटरवर कोलाड लागतं. बाजार आहे तो आंबेवाडी नाक्यावर. तिथून एक रस्ता रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीकडे वळतो, दुसरा भिऱ्याच्या बाजूला जातो. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि तिचं पुढचं पहिलं स्टेशन कोलाड. ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे नेणारी रो-रो सेवा १९९९ साली इथूनच सुरू झाली. भिऱ्याच्या बाजूला वीज तयार झाली की सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावर सकाळचं राफ्टिंग चालतं. राफ्टिंगमुळे कॅम्प आले, कॅम्पमुळे रिसॉर्टं आली. आणि या प्रत्येकाला पाटी लागते.

पाटी म्हणजे आता फ्लेक्स. गणपतीत चाकरमान्यांच्या स्वागताचा, मे महिन्यात लग्नाचा, पावसाळा सरला की कबड्डीच्या सामन्यांचा, आणि वाढदिवसाचा तर बारमाही. शिवाय लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हॉटेलची मेन्यूकार्डं, राफ्टिंगवाल्यांचे टी-शर्ट. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही नाक्यावर हे काम करणारं एखादं दुकान असतंच. आत एक संगणक, एक कामाला जुंपलेला मुलगा आणि पडद्यावर उघडलेला कोरल ड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्रॅम. तो कोरल विकत घेतलेला असतो का, हे सहसा कुणी विचारत नाही.

प्रश्न कायद्याचा आहे तसाच खिशाचाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ख बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतं. दुसऱ्या बाजूला, फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१३ साली जाहीर केलं की यापुढे प्रोग्रॅम विकत मिळणार नाही, भाड्याने घ्यावा लागेल. भाडं थांबलं की काम थांबलं. महिन्याला चार पत्रिका आणि दहा फ्लेक्स करणाऱ्या दुकानाने हे भाडं कुठून काढायचं? म्हणून जगभर लोकांनी पर्याय शोधले आणि त्या पर्यायांबद्दल भरभरून मतं मांडली. त्या मतांतली कोलाडच्या दुकानाला किती लागू पडतात, हे बघणं हा या लेखाचा उद्योग.

सगळ्यात जास्त कौतुक झालं ते अ‍ॅफिनिटीचं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची सेरिफ ही १९८७ पासूनची कंपनी. स्वस्तातले विंडोजचे प्रोग्रॅम करणारी म्हणून ओळखली जायची, फार कुणी गंभीरपणे घेत नसे. तिने २०१४च्या ऑक्टोबरमध्ये मॅकसाठी अ‍ॅफिनिटी डिझायनर आणला. किंमत पन्नास डॉलरच्या आसपास, एकदाच. पुढच्याच वर्षी त्याला अ‍ॅपलचं डिझाइन पारितोषिक मिळालं. २०१५ साली फोटोसाठीचा भाऊ आला, २०१६ साली डिझायनर विंडोजवर आला, २०१९ साली पानं लावण्यासाठी पब्लिशर आला.

वापरणारे खूष होते आणि त्याला कारण होतं. एकाच खिडकीत बटण दाबून रेषांच्या चित्रातून फोटोच्या कामात जाता येतं. पडद्यावर चित्र दहा लाख टक्क्यांपर्यंत मोठं करून बघता येतं. प्रोग्रॅम चपळ आहे. तक्रारीही होत्या. लिनक्सवर चालत नाही. फोटोवरून आपोआप ट्रेस करण्याची सोय कित्येक वर्षं नव्हती, आणि आमच्याकडच्या दुकानात हीच सोय रोज लागते, कारण गिऱ्हाईक लोगोची फाइल म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा वाकडा फोटो पाठवतं. २०२२च्या नोव्हेंबरात दुसरी आवृत्ती आली तेव्हा ‘पुन्हा पैसे भरायचे का’ म्हणून कुरकुर झाली. ती मला कधीच पटली नाही. आठ वर्षांत एकदा पैसे मागणारा महाग नसतो.

खरी अडचण वेगळीच होती आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या बहुतेकांना ती दिसणारही नव्हती. अ‍ॅफिनिटीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांना देवनागरी लावता येत नव्हती.

हे नीट समजून घ्यायला आपल्या प्रत्येक फ्लेक्सवर असणारा शब्द घेऊ: हार्दिक. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, तो बोलतो त्या क्रमाने साठवला जातो. ह, काना, र, हलन्त, द, वेलांटी, क. पडद्यावर मात्र र आणि हलन्त मिळून रफार होतो आणि द च्या डोक्यावर जातो. वेलांटी द च्या नंतर साठवलेली असली तरी द च्या आधी काढावी लागते. ही हलवाहलव फॉन्ट एकटा करत नाही. प्रोग्रॅमच्या पोटात अक्षरं जुळवणारं एक यंत्र असावं लागतं. ते नसेल तर रफाराच्या जागी पाय मोडलेला र दिसतो आणि वेलांटी द च्या उजवीकडे जाऊन बसते. दहा फुटी फ्लेक्सवर असा ‘हार्दिक’ छापून लावला तर नाक्यावरची पोरं वर्षभर नावं ठेवतील.

यावर वापरणाऱ्यांनी तोडगे काढले. एक म्हणजे मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लावायचा, त्याचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, आणि मग अ‍ॅफिनिटीत आणायचा. चार ओळींच्या फ्लेक्सला हे चालतं. पण पत्रिका प्रूफला गेली आणि आजोबांनी नातेवाइकांच्या यादीत तीन नावं वाढवली, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा तोडगा जुन्या फॉन्टांचा. त्याची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगावी लागेल, कारण आपले छपाईवाले आजही कोरलला का चिकटून आहेत ते तिच्यातून कळतं.

मराठी डीटीपीची पायाभरणी पुण्यात झाली. सीडॅक १९८८ साली स्थापन झालं आणि तिथल्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांचं तंत्र उभं केलं. मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी छपाईच्या धंद्यात घरोघर पोचली. त्या काळच्या फॉन्टात जेमतेम सव्वादोनशे जागा मिळत. त्यात कारागिरांनी अख्खी देवनागरी तुकड्या-तुकड्यांनी बसवली: अर्धी अक्षरं, दोन-तीन लांबींच्या वेलांट्या, वेगळा रफार. संगणकाला हे सगळं इंग्रजी अक्षरांसारखंच दिसायचं, त्यामुळे ते कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालायचं. कोरल ९, ११, १२, एक्स-३, काहीही घ्या. कोरलमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळवण्याची सोय आली २०१२च्या एक्स-६ मध्ये. ज्या दुकानात जुना कोरल आहे तिथे युनिकोड आणायचं म्हणजे जोडाक्षरं मोडायची. मग त्यांनी श्री-लिपी सोडली नाही यात त्यांचा काय दोष? अडोबीच्या प्रोग्रॅमांतही बरीच वर्षं भारतीय लिप्यांसाठी वेगळा कंपोजर शोधून निवडावा लागत असे. पुष्कळांना तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

या जुन्या फॉन्टांनी अ‍ॅफिनिटीतही मराठी उमटते. मात्र गिऱ्हाईक आता मजकूर मोबाइलवरून पाठवतं, म्हणजे युनिकोडमध्ये. तो कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टात न्यावा लागतो आणि तिथे रफार, ऱ्य, क्वचित एखादं जोडाक्षर गळतं. ‘आशीर्वाद’ चुकीचा छापलेल्या पत्रिका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यातल्या काही कंपोझिटरच्या नव्हे, कन्व्हर्टरच्या नावावर लावायला हव्यात.

आता इंकस्केप. हा कुणा कंपनीचा नाही. सोडिपोडी नावाच्या प्रोग्रॅमपासून २००३ साली चौघांनी फुटून सुरू केला आणि आजवर जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवला. फुकट आहे, मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याची १.० आवृत्ती यायला २०२० साल उजाडलं, यावरून त्याच्या संथपणाची कल्पना यावी. वापरणारे त्याच्याबद्दल जे बोलतात त्यात तथ्य आहे: दिसायला रुक्ष, जड फाइलीत अडखळतो, मॅकवर तर जास्तच. पण अक्षरं जुळवायला तो हार्फबझ ही मुक्त लायब्ररी वापरतो. अँड्रॉइड फोन आणि क्रोममध्येही तीच आहे. त्यामुळे तुमच्या मोबाइलवर जसा ‘हार्दिक’ दिसतो तसाच तो इंकस्केपमध्ये दिसतो. वेलांटी जागेवर, रफार डोक्यावर. फोटोवरून ट्रेस करण्याची सोयही त्यात फार आधीपासून आहे. एखाद्या राफ्टिंग कॅम्पचा लोगो एकदा त्यात रेषांनी काढला की व्हिजिटिंग कार्डापासून महामार्गावरच्या होर्डिंगपर्यंत कुठल्याही मापाला तो फाटत नाही, कारण फाइलमध्ये ठिपके नसतात, आकारांची मापं असतात.

इंकस्केपचं दुखणं रंगात आहे. तो पडद्याच्या तीन रंगांत काम करतो, छपाईच्या चार रंगांत नाही. फ्लेक्सला याने फारसं अडत नाही. मशीनसोबतचा प्रोग्रॅम रंग बदलून घेतो, थोडा निळा-हिरवा इकडेतिकडे होतो इतकंच. दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ ठिपक्यांनी पाठवला तर ८६४० गुणिले ५१८४ म्हणजे साडेचार कोटींच्या जवळ ठिपके होतात, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला ते पुरतात. मात्र ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ॲप ती दाबून निम्म्याहून लहान करून टाकतं आणि शिव्या डिझाइनवाल्याला बसतात.

पत्रिकेच्या ऑफसेट छपाईला गोष्ट बदलते. पडद्याचा काळा रंग चार प्लेटांत वाटला गेला तर पत्रिकेतला बारीक मजकूर चार शायांतून छापला जातो. कागद केसभर सरकला की अक्षराला लाल-निळी कड येते आणि देवनागरीच्या शिरोरेषा पुसट दिसतात. काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवरच हवा. त्यासाठी स्क्रायबस हा आणखी एक मुक्त प्रोग्रॅम आहे. पानं लावायला आणि चार रंगांची पीडीएफ काढायला तो आहे. २०१७च्या १.५.३ आवृत्तीत त्याला गुंतागुंतीच्या लिप्या जुळवता येऊ लागल्या आणि त्या कामात ओमानमधल्या अरबी लिहिणाऱ्या मंडळींचा मोठा वाटा होता. त्यांनी स्वतःच्या लिपीसाठी खटपट केली, तिचा फायदा आपल्यालाही झाला. स्थिर १.६ आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला आली. शिकायला किचकट आहे हे खरं. पत्रिका लावणाऱ्याने तरी ते कष्ट घ्यावेत असं माझं मत आहे.

संगणकच नको म्हणणारी एक पिढी मात्र या सगळ्याच्या पुढे निघून गेली आहे. वाढदिवसाचे, गणपतीचे, निवडणुकीचे बॅनर गावोगावची मुलं पिक्सेललॅब या ॲपवर मोबाइलमध्येच करतात आणि पीएलपी फाइली एकमेकांना देतात. फोनच्या पोटातच अक्षर जुळवण्याची सोय असल्याने मराठी बिघडत नाही. शहरी डिझायनर या बॅनरांना हसतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. सहा इंची पडद्यावर बोटाने पन्नास फोटो कापून ओळीत बसवणं सोपं नाही. फोटोचं काम संगणकावर पण फुकटात हवं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा फोटोपी आहे. इव्हान कुत्स्कीर या एकट्या माणसाने २०१३ पासून उभा केलेला, फोटोशॉपच्या फाइली उघडणारा. चित्र त्याच्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच संगणकावर राहतं. एकदा पान उघडलं की कोलाडच्या नेटवरही काम होतं.

फॉन्टांची सबबही आता राहिलेली नाही. फॉन्ट करणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्ता, बलू, मोदक असे देवनागरी फॉन्ट मोफत खुले केले. मोदक तर फ्लेक्सच्या मथळ्यासाठीच जन्मल्यासारखा गुबगुबीत आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे. दुकानातली ‘मराठीत चांगले फॉन्ट श्री-लिपीतच’ ही समजूत दहा वर्षं जुनी झाली.

आणि अ‍ॅफिनिटी? सेरिफला २०२४च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने विकत घेतलं. वापरणाऱ्यांनी आता भाडं सुरू होणार म्हणून डोकं धरलं. झालं उलटंच. २०२५च्या ऑक्टोबरात तिन्ही प्रोग्रॅम एकत्र करून कॅनव्हाने ते फुकट केले. खातं मात्र उघडावं लागतं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींना कॅनव्हाची वर्गणी लागते. म्हणजे स्वस्त आणि स्वतंत्र यातला स्वस्तपणा वाढला, स्वतंत्रपणा गेला. फुकट देणाऱ्याचा विचार उद्या बदलू शकतो, म्हणून त्यात केलेल्या प्रत्येक कामाची एक पीडीएफ आपल्याजवळ ठेवावी.

माझं मत विचाराल तर नवं दुकान टाकणाऱ्याने लोगो आणि फ्लेक्ससाठी इंकस्केप, पत्रिकेसाठी स्क्रायबस, फोटोसाठी फोटोपी घ्यावं. जुन्या दुकानाने आजचा कोरल एका दिवसात फेकू नये. छपाईवाला ‘ओपन फाइल’ मागतो ती कोरलचीच, आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत. पण नवी कामं युनिकोडमध्ये सुरू करावीत आणि छपाईला कर्व्ह केलेली पीडीएफ द्यावी. अ‍ॅफिनिटी चित्रकाराने, फोटोवाल्याने जरूर वापरावा. मजकुराच्या कामाला घ्यायचा तर आधी परीक्षा घ्या.

ती परीक्षा कुठल्याही प्रोग्रॅमला चालेल, फुकट असो की विकतचा. त्यात हे टाइप करा: हार्दिक शुभेच्छा, श्री ज्ञानेश्वर, राष्ट्रीय, कुऱ्हाड, कृत्रिम. मग त्याची पीडीएफ काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. अक्षर मोडलं तर गप्प बसू नका. प्रोग्रॅम करणाऱ्यांना पडद्याचा फोटो काढून, शेजारी बरोबर शब्द लिहून कळवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. अरबी लिहिणाऱ्यांनी कळवलं आणि स्वतः कामाला लागले म्हणून स्क्रायबस सुधारला. मराठीतून जाणाऱ्या तक्रारी अजून फार थोड्या आहेत, त्यात तुमची एक घाला.