चावी हातात देण्यापूर्वी

‘‘डॉक्टर, गाडी तो चांगली चालवतो हो!’’ रात्री-अपरात्री दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बापाच्या तोंडून हे वाक्य मी गेल्या अनेक वर्षांत किती वेळा ऐकले, याची गणती नाही. आत टेबलावर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विव्हळत असतो. बाप खोटे बोलत नसतो. मुलाला क्लच, गिअर, ब्रेक सारे येत असते. येत नसतो तो रस्ता.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. दिवाळीच्या पाडव्याला एका घरी नवी मोटारसायकल आली. मुलाला नुकतेच अठरावे संपले होते, परवानाही मिळाला होता. मार्गशीर्ष संपायच्या आत एका रात्री तो मित्राला मागे बसवून बायपासवरच्या धाब्याकडे निघाला. पुढे उसाची ट्रॉली होती. तिला मागे ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर. चालवणाऱ्याचा हात मोडला. मागे बसलेल्या मित्राच्या डोक्याला मार लागला. त्याला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, पण चौथ्या दिवशी तो गेला. दोघांत हेल्मेट एकच होते आणि तेही हँडलला अडकवलेले.

प्लॅस्टर काढायला आलेला तो मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, ‘‘काका, मला ट्रॉली दिसलीच नाही.’’ त्याचे म्हणणे अगदी खरे होते.

नवख्याला का दिसत नाही?

नवीन चालवणाऱ्याचे बरेचसे लक्ष गाडी सांभाळण्यातच जाते. त्याची नजर चाकाच्या जरा पुढे खिळलेली असते. सरावलेला माणूस लांबवर आणि दोन्ही बाजूंना पाहतो. थांबलेली एसटी दिसली, की तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हे त्याला न सांगता कळते. चेंडू रस्त्यावर आला, की मागून मूल येणार, हे तो जाणतो. शिवाय धोक्याचा अंदाज घेऊन मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित होण्यास वयाची पंचविशी उजाडते. त्यात मागे मित्र बसला, की वेग आपोआप वाढतो.

आता थोडे गणित. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. धोका दिसून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 25 मीटर संपले! पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. ताशी 40 च्या वेगात हेच सारे अंतर सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस मीटर भरते. अंधारात बिनदिव्याची ट्रॉली किती अंतरावरून दिसते, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

टप्प्याटप्प्याने शिकवा

न्यूझीलंड देशाने 1987 साली नवख्या चालकांसाठी टप्प्यांचा परवाना सुरू केला. आधी जाणत्याच्या सोबतीने शिकायचे. मग एकट्याने चालवायचे, पण रात्री दहा ते पहाटे पाच गाडी काढायची नाही आणि मित्रांना बसवायचे नाही. त्यानंतर पूर्ण परवाना. पुढे इतर अनेक देशांनी ही पद्धत उचलली आणि तरुणांचे अपघात तेथे कमी झाले. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. कायद्याला महिना पुरत असला, तरी घरात आपण सहा महिन्यांचा नियम करू शकतो.

पहिला महिना मोकळ्या मैदानात घालवा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू पण घट्ट दाबायला शिकवा. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील,’ हा सल्ला अर्धवट आहे. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र वळणावर, खडीवर किंवा पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर तो जोरात दाबू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात परवाना असलेल्या मोठ्या माणसाने मागे बसावे, रस्ता दिवसाचा आणि ओळखीचा असावा. मुलाला बोलत चालवायला सांगा : ‘‘पुढे फाटा आहे, डावीकडून ट्रॅक्टर येईल, मी वेग कमी करतो.’’ जे तो बोलणार नाही, ते त्याला दिसलेले नाही, असे समजावे. हा व्यायाम बिनखर्चाचा आणि फार गुणाचा आहे.

चौथ्या महिन्यापासून एकट्याने, पण दिवसाच. सहा महिने होईपर्यंत मित्र मागे नको आणि रात्रीचा हमरस्ता तर नकोच. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, दोघांनाही, पट्टा लावून. हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो.

आणि अठराच्या आत गियरची गाडी नकोच. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

हे सारे लिहिणाऱ्याने स्वतः काय केले, असे कोणी विचारील. थोरल्या मुलाला मी एका रविवारी मैदानावर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि सोमवारी चावी दिली. तो सुखरूप राहिला, यात माझे श्रेय काहीच नाही. धाकटीच्या वेळी मात्र पूर्ण सहा महिने मागे बसलो. ती चिडायची. ‘‘बाबा, मैत्रिणी हसतात,’’ म्हणायची. मी म्हटले, हसू देत.

या रविवारी तासभर काढा. मुलाच्या मागे बसा, स्वतःही हेल्मेट घाला आणि त्याला बोलत गाडी चालवू द्या. घरी परतल्यावर चावी त्याच्याकडे द्यायची की अजून काही दिवस खुंटीला ठेवायची, हे तुम्हालाच कळेल.