थर्मल कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, तेव्हा



मागे एका भागात मी हातात धरायच्या थर्मल कॅमेऱ्यातून टिपलेली घुबडं दाखवली होती. काळ्याकुट्ट झाडावर पांढरीशुभ्र दोन घुबडं, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर बऱ्याच जणांनी किंमत विचारली, दोघातिघांनी भिंतीपलीकडचं दिसतं का ते विचारलं. पण एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी काकांचा होता तो. तिकडेही ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. त्यांनी लिहिलं होतं, "हे यंत्र घेतलं तर रात्री शेतात जायला मुलाला धोका नाही ना?"

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण दिलं नाही. कारण याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा देऊन बसलो आहे, तेही माझ्या मामेभावाला.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यात. मी इंदूरला वाढलो, पण सुट्टी आली की आम्ही तिकडेच. जुन्नर आणि बिबट्या हे वेगळं सांगायला नको. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. जानेवारीत गेलो होतो तेव्हा कॅमेरा नवा होता आणि माझा उत्साहही नवा होता. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. दोनच्या सुमारास लाईट आली आणि दादा मोटर चालू करायला उठला. मी म्हटलं, थांब, आधी बघून घेतो.

गोठ्याच्या कोपऱ्यावर उभं राहून मी सगळं शिवार फिरवून पाहिलं. गोठ्यातल्या म्हशी दिसल्या, वाटेवर कुत्रं दिसलं, बांधाचे दगड अजून थोडे उजळ होते. मोटरीची खोली तिथून शंभरेक मीटरवर, उसाला लागून. तिथे काही नाही. मी म्हणालो, "जा दादा, मोकळं आहे." तो गेला, मोटर चालू केली, दारं धरली, अर्ध्या तासाने परत आला. आम्ही चहा घेतला.

सकाळी त्याने मला हाक मारून नेलं. ओल्या सरीत ठसे होते. गोल, नखांची खूण नसलेले. कुत्र्याचा ठसा लांबट असतो आणि पुढे नखं टोचलेली दिसतात; बिबट्या नखं आत ओढून चालतो. ठसे उसातून बाहेर आले होते आणि एका जागी दादाच्या बुटाच्या ठशावर एक ठसा उमटला होता. म्हणजे दादा पुढे, बिबट्या नंतर. किती नंतर, ते मातीला विचारून कळत नाही. पण उसाच्या काठापासून दोन सऱ्या आत पाचट दाबलेलं होतं, जनावर बसल्यासारखं. दादा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग मी हे यंत्र पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यायला बसलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, हा कॅमेरा जनावर दाखवत नाही. तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनुसार न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, तर काही न दिसणाऱ्या जागीही पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. आपल्या शरीरातून निघणाऱ्या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींवर असतो. डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहतो. म्हणून त्याला चांदणं लागत नाही, बॅटरीचा उजेड लागत नाही, काहीच लागत नाही.

बाजारात नाईट व्हिजन म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच याहून वेगळं असतं. काही यंत्रं चांदण्यांचा अंधुक प्रकाश कित्येक पटींनी वाढवतात. काहींना स्वतःचा छोटा इन्फ्रारेड दिवा असतो, आपल्या सीसीटीव्हीसारखा. त्यांत जनावराचे डोळे चमकतात. थर्मलमध्ये डोळे चमकत नाहीत, अंगावरचे ठिपकेही दिसत नाहीत. दिसतो तो फक्त उबेचा आकार. घेताना दुकानदाराला हे नीट विचारा, कारण एकच शब्द दोन्हींना चिकटवलेला असतो.

आता भिंतीची गोष्ट. भिंतीपलीकडचं दिसत नाही. सिनेमात दिसतं, ते सोडा. इतकंच काय, खिडकीच्या काचेपलीकडचंही दिसत नाही. या लहरी साध्या काचेतून जातच नाहीत. गाडीची काच वर करून पाहिलंत तर बाहेरच्या रानाऐवजी स्वतःचंच पांढरं प्रतिबिंब दिसेल. म्हणून याची भिंगं काचेची नसून जर्मेनियम या धातूसारख्या मूलद्रव्याची असतात, आणि किंमत वाढायला तेही एक कारण आहे.

आणि पानांपलीकडचंही दिसत नाही. माझी चूक इथे होती. उसाच्या एका पानाआड बसलेला बिबट्या कॅमेऱ्याला पानाएवढाच थंड. विरळ झुडूप असेल तर फटींतून उजळ तुकडे दिसतात, एखादा कान, पाठीची रेघ. पण दहा-बारा फुटी उभा ऊस ही रात्री थंड पडलेली हिरवी भिंतच असते. दोन सऱ्या आत काय आहे ते कुठल्याही किमतीच्या कॅमेऱ्याला जमिनीवरून सांगता येणार नाही. मी ऊस पाहिला आणि "मोकळं" म्हणालो. खरं तर मी फक्त उसाचा काठ पाहिला होता.

अकोले तालुका जुन्नरला लागूनच. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे, तेही जंगलात नाही, गावं आणि शेतं यांच्यामध्ये. ते कॅमेरे वाटेवर बांधून रात्ररात्र वाट पाहत बसतात. माझ्यासारखा माणूस पाच मिनिटं नजर फिरवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो.

अंतराचा हिशेब मात्र प्रत्येकाने करावा, सोपा आहे. माझ्या कॅमेऱ्यात आडवे ३८४ आणि उभे २८८ बिंदू आहेत, एकेक बिंदू १२ मायक्रॉनचा, भिंग २५ मिलिमीटरचं. बारा मायक्रॉनला पंचवीस मिलिमीटरने भागलं की एका बिंदूत किती जागा मावते ते कळतं: १०० मीटरवर ४.८ सेंटिमीटर. बिबट्याची खांद्यापाशी उंची साधारण ६० सेंटिमीटर धरली तर १०० मीटरवर तो बारा बिंदूंचा दिसेल. चालणं, लांब शेपटी, सगळं ओळखू येईल. तोच ३०० मीटरवर चार बिंदूंचा. गावातलं ५० सेंटिमीटर उंचीचं कुत्रं तिथे साडेतीन बिंदूंचं. आता चार आणि साडेतीन यांतून तुम्ही काय ओळखणार?

जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५८ साली याचे ठोकताळे मांडले, ते आजही वापरतात. आजच्या भाषेत सांगायचं तर दोनेक बिंदू मिळाले की काहीतरी आहे एवढं कळतं, आठेक बिंदूंत ते कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं, आणि नेमकं काय आहे हे सांगायला तेराच्या आसपास लागतात. खोक्यावर "१२०० मीटर" छापलेलं असतं ते बहुधा पहिल्या प्रकारचं, तेही उभ्या माणसासाठी. ठिपका दिसला आणि गावाच्या ग्रुपवर "बिबट्या आला" असा व्हिडिओ पाठवला, की निम्मं गाव काठ्या घेऊन बाहेर. ठिपका पुढे जाऊन वासरू निघतं, आणि खरा बिबट्या असला तर त्या गर्दीत घाबरून कोणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

वेळेलाही महत्त्व आहे. दिवसभर तापलेला काळा दगड, सिमेंटचा हौद, विहिरीचं कडं सूर्यास्तानंतर कितीतरी वेळ उजळ दिसत राहतात. ट्रान्सफॉर्मर दिसतो, नुकतीच बंद केलेली मोटर दिसते, ताजं शेण दिसतं. कुत्रं उठून गेलं तरी त्याची बसायची जागा काही काळ दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या रिकाम्या जागेलाच कुत्रं समजलो होतो. सूर्य उगवल्यावर आणि मावळल्यावर थोड्या वेळाने अशी एक घटका येते की माती, झाड, दगड सगळ्यांचं तापमान जवळ येतं आणि चित्र मळकट होतं. सगळ्यात स्वच्छ चित्र थंडीत, पहाटे उजाडण्यापूर्वी. मे महिन्यात जमीनच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा भरदुपारी म्हैससुद्धा शोधावी लागते. धुकं आणि पाऊस हे या कॅमेऱ्याचे वैरी. कोकणात, गोव्यात पावसाळी रात्री याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

चित्र मध्येच टक् असा आवाज होऊन क्षणभर गोठतं. घाबरू नका, बिघाड नाही तो. आतलं झाकण पडून सगळे बिंदू एका पातळीवर आणले जातात. रंगांचे पर्याय असतात, लाल, जांभळे, इंद्रधनुषी. मी पांढरा-काळाच ठेवतो. लाल रंगात तापलेला दगडसुद्धा चवताळलेला वाटतो.

आता काकांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा भाग. रात्री शेतात पायाला काय लागतं? साप. आणि साप या कॅमेऱ्यात जवळजवळ दिसत नाही. त्याचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही, तो जमिनीच्याच तापमानाला आलेला असतो. बांधावर पडलेली घोणस, वाटेवरची मण्यार कॅमेऱ्यात मातीच. शिवाय उजळ पडद्याला लावलेला डोळा अंधाराला सरावलेला राहत नाही. तो सराव परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे कॅमेरा खाली घेतल्याबरोबर पाऊल टाकलंत तर एका डोळ्याने आंधळेच आहात. खोलीचाही अंदाज येत नाही. कठडा नसलेली विहीर आणि सपाट काळी जमीन चित्रात सारखीच दिसू शकते, कुंपणाची थंड तार तर दिसतच नाही. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावली आहे: कॅमेरा डोळ्याला असताना पाय हलवायचा नाही. उभं राहून पाहायचं, कॅमेरा गळ्यात सोडायचा, बॅटरी लावायची, मग चालायचं. गमबूट आणि काठी असतेच. चालताना मोठ्याने बोलायचं, नाहीतर मोबाईलवर गाणी लावायची. बिबट्याला आपण आलोय हे कळणं, आपल्याला तो कळण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कॅमेऱ्यात दिसला म्हणून त्याच्या मागे जीप घालणं, हाकणं, पिल्लांपाशी जाऊन चित्रण करणं हे गमतीचे विषय नाहीत. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर मादी जवळपास असते असंच समजायचं, मागे हटायचं. महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. इतर राज्यांतल्या मंडळींनी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवावा.

तर काका, कॅमेऱ्यात काही दिसलं तर थांबायचं, हे खरं. काही दिसलं नाही तर जायचं, हे खरं नाही. उघड्या रानात, कापणी झालेल्या वावरात, अंगणात, गोठ्याभोवती तो फार कामाचा आहे. गोठ्याकडे जायच्या आधी ओट्यावरून एक नजर टाकायला त्यासारखं साधन नाही. उभ्या उसाच्या काठाला त्याचं उत्तर अर्धंच असतं.

दादाने पुढच्या हंगामात काय केलं ते सांगतो. त्याने मोटरीला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवला आणि उसाला ठिबक केलं. आता लाईट रात्री दोनला येवो की चारला, तो अंथरुणातूनच मोटर चालू करतो. स्टार्टरला माझ्या कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ पैसे लागले. ठिबकला बरेच लागले, पण पाणीही वाचलं. मोटरीच्या खोलीपासून दहा फुटांच्या पट्ट्यात आता ऊस नाही, तिथे वहिनीने मेथी आणि कोथिंबीर लावली आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी रात्री ओट्यावरून तो पट्टा कॅमेऱ्यात पाहिला. एक ससा बसला होता, मेथी खात. दादाला दाखवला, तर तो म्हणाला, "याच्यासाठी काही यंत्र आहे का तुझ्याकडं?"