मोटारीचे ब्रेक बदलायला किती खर्च येतो?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की पुष्कळ सभासद गाडीचे राहिलेले काम काढतात. हल्ली वस्तीवर ट्रॅक्टरशेजारी एखादी छोटी मोटार उभी असतेच, आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. एकरी लागण, खत, पाणी यांचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण गॅरेजवाला ‘ब्रेक गेलेत, सात हजार होतील’ म्हणाला, की आपण एक तर मुकाट्याने पैसे मोजतो, नाहीतर ‘पुढच्या हप्त्याला बघू’ म्हणून गाडी तशीच बाहेर काढतो. दोन्हीकडून नुकसान आपलेच. म्हणून या बिलाची फोड येथे करून देत आहोत.

प्रस्तुत लेखकाने हा धडा पैसे मोजून घेतला आहे. गाडीच्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबताना ‘च्यँऽ’ असा आवाज येऊ लागला. हंगामाच्या गडबडीत दोन महिने तसेच काढले. पुढे एकदा सगळे कुटुंब घेऊन जोतिबाचा डोंगर उतरताना पेडल नेहमीपेक्षा खाली गेले आणि चाकातून खरखर येऊ लागली. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून कशीबशी खाली आणली. आवाज सुरू झाला तेव्हाच २,१०० रुपयांत भागले असते, त्या कामाला ५,७०० रुपये पडले. वर पोरेबाळे गाडीत होती, त्याचा हिशेब कुठल्या बिलात मांडायचा?

बिलात काय काय असते?

बहुतेक छोट्या मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड, आणि ड्रमला आतून घासतात ते शू, म्हणजे आपण ज्यांना लायनर म्हणतो ते. झिजण्यासाठीच हे भाग केलेले असतात. पुढचे दर छोट्या मोटारीचे व ढोबळ आहेत. गाव, गाडी व मालाप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

पुढच्या दोन्ही चाकांचा पॅडचा संच १,००० ते २,५०० रुपये. मागच्या शूंचा संच १,००० ते २,०००. डिस्कची जोडी २,५०० ते ५,०००. अर्धा लिटर ब्रेक ऑइल २०० ते ३५०. मजुरी पुढच्या किंवा मागच्या जोडीला ४०० ते १,०००. म्हणजे वेळेवर गेलात तर पुढचे काम दीड ते साडेतीन हजारांत उरकते. डिस्क खाल्ली गेली की तेच काम चार ते साडेआठ हजारांवर जाते. मोठ्या जीपवजा गाड्यांना याच्या दीडपट-दुप्पट धरावे.

डिस्क बदलावीच लागते का?

दर वेळी नाही. नवे पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ते ३ मिलिमीटरवर आले की बदलावे. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते. पॅड झिजले की ती डिस्कला घासून किंचाळते. ही आगाऊ नोटीसच समजा. त्यानंतर खरखर आली म्हणजे पॅडचा मसाला संपून लोखंड डिस्कला लागले. डिस्क किती झिजेपर्यंत चालते तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. मेकॅनिकला म्हणावे, ‘माप घेऊन दाखव.’ माप बसत असेल तर डिस्कचा खर्च वाचतो.

पॅड मात्र एका चाकाचे बदलू नये, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते.

ऑइलची बाब

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. पाणी मुरलेले ऑइल उतारावर तापले की उकळते, वाफ धरते आणि पेडल पोकळ होते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. डबीतले ऑइल खाली गेले म्हणून नुसती भर घालून गप्प बसू नका. पॅड झिजल्यानेही पातळी उतरते, किंवा कुठेतरी गळतीही असते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच वापरावे. शेडमध्ये आहे म्हणून ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक किंवा इंजिनचे ऑइल चुकूनही ओतू नये. त्याने आतले रबर फुगते, मास्टर सिलिंडरपासून सगळे खोलावे लागते आणि दोनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस हजारोंना बुडतो.

पैसे देण्यापूर्वी

काम सुरू होण्याआधी भाग, मजुरी व ऑइल यांचा वेगवेगळा अंदाज कागदावर घ्यावा. काढलेले जुने भाग परत मागावेत. नवा माल आपल्यासमोर सीलबंद खोक्यातून काढायला सांगावा, कारण ब्रेकमध्ये नकली माल फार येतो. खोक्यावरच्या छापील किमतीत कर धरलेला असतो. त्यावर पुन्हा जीएसटी लावला असेल तर विचारावे. ब्रेकच्या सुट्या भागांवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

गाडी ताब्यात घेतल्यावर जागेवरच चार-पाच वेळा पेडल दाबून ते कडक झाल्याची खात्री करावी, मगच गाडी हलवावी. नवे पॅड बसेपर्यंत काही दिवस जपून चालवावी.

चिखलातून, खताची पोती भरून चालणाऱ्या गाडीचे ब्रेक लवकर झिजतात. तरी प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा, पावसाळा संपून हंगाम सुरू होण्यापूर्वी, चाके काढून ब्रेक तपासून घ्यावेत, ही विनंती. आवाज आला त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे. ब्रेकचे काम पुढच्या हप्त्यावर टाकण्यासारखे नाही.