बुद्धिबळातील मोहऱ्यांचे बलाबल

पावसाळ्यात मैदान चिखलाने भरले, की शाळेच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. नवशिक्या मुलाला चाली सांगून झाल्या, की पाठोपाठ मोहऱ्यांच्या किमतीही सांगण्याची रीत आहे : प्यादे 1, घोडा 3, उंट 3, हत्ती 5, वजीर 9. राजाला किंमत नाही. कारण तो कोणत्याही मोबदल्यात देता येत नाही. हे कोष्टक मुले पाढ्याप्रमाणे चटकन पाठ करतात. पुढे मात्र असे दिसून येते, की कोणता मोहरा द्यावा व कोणता घ्यावा याचा निर्णय ती पटाकडे पाहून न घेता नुसत्या बेरीज-वजाबाकीने घेतात. आणि बेरीज बरोबर येऊनही डाव हातचा जातो.

हे आकडे खेळाच्या नियमांत नाहीत. हारजीत ठरविताना त्यांची बेरीज कोणी करीत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून बांधलेला तो एक अंदाज आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब खेळाडूंनीही मोहऱ्यांच्या किमती दिरहम या नाण्याच्या अपूर्णांकांत लिहून ठेवल्या होत्या. त्या काळी वजिराची चाल तिरपी व एकाच घराची असल्यामुळे तो हत्तीच्या निम्म्या किमतीचाही मानला जात नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची लांब चाल मिळाली आणि त्याची किंमत एकदम वर गेली. मोहऱ्याचे बल त्याच्या नावात वा मानात नसून चालीत असते, हे यावरून उघड होते.

चाल मोजता येते, आणि त्यासाठी विकतच्या पटाचीही गरज नाही. फरशीवर खडूने 64 घरांचा पट आखावा. रिकाम्या पटावर एकच मोहरा ठेवून त्याला तेथून किती घरांत जाता येते ते मुलांनी मोजावे व तो आकडा त्याच घरात लिहावा. हत्ती कोठेही ठेवला तरी आकडा 14 च येतो. मुलांना याचे मोठे नवल वाटते. उंटाचे तसे नाही. कडेच्या 28 घरांतून त्याला 7 घरे मिळतात, आतल्या वेढ्यातील 20 घरांतून 9, त्याच्या आतील 12 घरांतून 11 आणि अगदी मधल्या 4 घरांतून 13. चारही गुणाकारांची बेरीज 560 होते. तिला 64 ने भागले असता सरासरी 8.75 येते. घोड्याला कोपऱ्यात अवघी 2 घरे मिळतात, मध्यभागी 8. त्याची एकूण बेरीज 336 व सरासरी 5.25. घोड्याची मोजणी कोपऱ्यालगतच्या घरांत हमखास चुकते. ती शिक्षकांनी स्वतः आधी करून पाहिलेली बरी. वजिराची सरासरी 22.75, म्हणजे हत्ती व उंट यांच्या सरासरींची नेमकी बेरीज.

येथे वर्गातील एखादे चौकस मूल विचारतेच, की उंटाची सरासरी इतकी जास्त असताना दोघांची किंमत सारखी कशी ? हा प्रश्न टाळू नये. सगळ्या पाठाचे मर्म त्यातच आहे. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून फिरतो, उरलेली 32 घरे त्याला कायमची परकी. शिवाय प्रत्यक्ष डावात पट रिकामा नसतो. वाटेत एक प्यादे आले, की उंट अडतो. घोडा अडीच घरांची उडी घेऊन पलीकडे जातो. मग डावाच्या आरंभीची मांडणी करून हीच मोजणी पुन्हा करावयास सांगावे. 9 किमतीच्या वजिराला शून्य घरे, हत्तीला शून्य, उंटाला शून्य. प्रत्येक घोड्याला मात्र 2. कोष्टकातील किंमत आणि त्या क्षणाचे बल यांतील अंतर मुलाला जेवढे या एका मोजणीने कळते, तेवढे तासभराच्या व्याख्यानानेही कळणार नाही.

नवशिक्यांची एक नेहमीची चूक यावरूनच समजावून देता येते. प्रतिपक्षाने किल्लेकोट केला, की त्याच्या राजाने व हत्तीने मिळून राखलेल्या प्याद्यावर मुले घोडा आणि उंट घेऊन तुटून पडतात. दोन्ही मोहरे मारले जातात व बदल्यात एक हत्ती आणि एक प्यादे मिळते. सहा गेले, सहा आले ! पण गेलेले दोन्ही मोहरे पटाच्या मध्यावर येऊन कामाला लागलेले होते, आणि ज्याच्या जोरावर आता झुंजावयाचे तो स्वतःचा हत्ती प्याद्यांमागे कोंडलेलाच असतो. बहुधा असा सौदा करणाराच पुढे हरतो.

डावाच्या अखेरीस तर कोष्टक याहूनही उलटेपालटे होते. केवळ राजा व एक उंट, किंवा राजा व एक घोडा उरला, तर समोरच्या एकट्या राजावर मात करता येत नाही. डाव बरोबरीत सुटतो. पण राजाबरोबर एखादे प्यादे असेल, तर त्याचा वजीर होऊन पुष्कळदा डाव जिंकता येतो. तेथे 1 हा 3 पेक्षा मोठा ठरतो. दोन निरनिराळ्या रंगांचे उंट एकट्या राजाला निश्चित मात देतात. दोन घोड्यांना, प्रतिपक्षाने चूक केल्याशिवाय, ते साधत नाही. बेरीज मात्र दोहोंकडे सहाच ! प्याद्याची किंमत तर नियमांवरही अवलंबून आहे. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चाले व शेवटच्या ओळीत पोचल्यावर ज्या मोहऱ्याचे ते घर, तोच मोहरा बने. गावातील एखाद्या वृद्ध खेळणाऱ्याला या पद्धतीची आठवण असल्यास त्यांना शाळेत बोलावून तसा एक डाव मुलांना दाखवावा.

राहिला राजा. किंमत नसलेल्या या मोहऱ्याचीही चाल मोजावी : कोपऱ्यात 3 घरे, कडेला 5, इतरत्र 8, एकूण 420. घोड्याच्या 336 शेजारी हा आकडा फळ्यावर मांडला, की वजीर पटावरून गेल्यानंतरही आपला राजा शेवटपर्यंत कोपऱ्यात दडवून ठेवणारे मूल त्याला बाहेर काढू लागते.