कमांडोंची तालीम

१९४० च्या जून महिन्यात ब्रिटन मोठ्या पेचात सापडले होते. जर्मन फौजांनी फ्रान्स पादाक्रांत केला होता. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य कसेबसे मायदेशी परतले होते. परंतु तोफा, गाड्या आणि बरीचशी युद्धसामग्री फ्रान्सच्या भूमीवरच टाकून यावी लागली होती. शत्रूवर मोठी स्वारी करण्याचे बळ त्या वेळी ब्रिटनपाशी नव्हते. तथापि पंतप्रधान चर्चिल यांना स्वस्थ बसणे मान्य नव्हते. तेव्हा डडली क्लार्क नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक योजना सुचविली. निवडक सैनिकांच्या लहान तुकड्यांनी रात्री समुद्रमार्गे शत्रूच्या किनाऱ्यावर उतरावे, अवचित घाव घालावा आणि शत्रू सावध होण्यापूर्वी परत फिरावे, अशी ती योजना होती. हे एक प्रकारे गनिमी काव्याचेच तंत्र होते.

क्लार्क यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात झाला होता. तेथील बोअर लोकांनी १८९९ ते १९०२ या काळातील युद्धात घोडेस्वारांच्या टोळ्या करून बलाढ्य ब्रिटिश सैन्यास जेरीस आणले होते. त्या टोळ्यांना ‘कमांडो’ असे म्हणत. तेच नाव क्लार्क यांनी या नव्या तुकड्यांसाठी सुचविले. पुढे ते जगभर रूढ झाले.

अशा कामासाठी माणसे कोठून आणावयाची? सैन्यातून स्वयंसेवक मागविण्यात आले. पुढे आलेले तरुण काही जन्मजात पहिलवान नव्हते. युद्धापूर्वी कोणी कचेरीत कारकुनी करीत असे, कोणी कारखान्यात राबत असे, तर कोणी शेतात. अशा सामान्य माणसांना असामान्य कामासाठी तयार करावयाचे होते. त्याकरिता १९४२ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात अ‍ॅक्नकॅरी येथे एक शिक्षणकेंद्र सुरू झाले. तेथे कॅमेरॉन घराण्याच्या प्रमुखाचा जुना वाडा होता. एका बाजूस लॉक आर्केग व दुसऱ्या बाजूस लॉक लॉकी ही दोन सरोवरे, त्यांना जोडणारी खळाळती आर्केग नदी, सभोवार उघडे डोंगर, पायांखाली दलदल आणि वर बहुधा पाऊस, असा तो मुलूख होता. केंद्राचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स व्हॉन हे पहिल्या महायुद्धात लढलेले अनुभवी सैनिक होते.

उमेदवारांची परीक्षा ते आगगाडीतून उतरताच सुरू होई. स्पीन ब्रिज या स्थानकापासून अ‍ॅक्नकॅरी सुमारे ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटरांवर आहे. लांबच्या प्रवासाने शिणलेल्या या तरुणांना तेवढे अंतर चालत तोडावे लागे. वाड्याच्या वाटेवर पोहोचल्यावर त्यांच्या दृष्टीस एक विलक्षण देखावा पडे. तेथे ओळीने थडगी दिसत. ती खरी नव्हती, मुद्दाम रचलेली होती. प्रत्येकावर त्या कल्पित सैनिकाच्या मृत्यूचे कारण लिहिलेले असे. एकजण डोंगराच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला व शत्रूच्या दृष्टीस पडला. दुसऱ्याने किनाऱ्यावर उतरताना आडोसा घेतला नाही. युद्धात मृत्यू केवळ शत्रूच्या शौर्याने येत नाही, तो आपल्या क्षणभराच्या निष्काळजीपणानेही येतो, हा तेथील पहिला धडा होता.

शिक्षणाचा काळ अवघा पाच-सहा आठवड्यांचा असे. त्यात सर्वांत महत्त्व होते ते जलद कूच करण्याला. पाठीवर सामान आणि हाती रायफल घेऊन पथकाने एकत्र जावयाचे. चढावर झपाट्याने चालावयाचे, उतारावर धावावयाचे. ही कूच एकदम लांब पल्ल्याची नसे. आरंभी ५ मैल, मग ७, मग ९, असे करीत अखेर १५ मैलांपर्यंत मजल जाई. सात मैलांचे अंतर ७० मिनिटांत तोडणे अपेक्षित असे. पल्ला असा क्रमाने वाढविण्यास कारण आहे. श्रम केल्यावर स्नायू थकतात. परंतु योग्य अन्न व विश्रांती मिळाली की ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक बळकट होतात. नियमित श्रमांनी हृदयही एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. एकाच दिवशी अतोनात भार घातला, तर शरीर मोडते. तोच भार पायरीपायरीने वाढविला, तर शरीर घडते. आपल्याकडील तालमीत वस्ताद नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शेकडो जोर काढावयास लावीत नाही, त्याचेही कारण हेच.

परंतु शरीराची तयारी हा या शिक्षणाचा अर्धाच भाग होता. कूच करताना पाय भरून येतात, दम लागतो आणि मन म्हणू लागते, “आता पुरे.” बहुतेक वेळा ही सूचना शरीराची शक्ती संपण्याच्या पुष्कळच आधी येते. अनुभवी सैनिक अशा वेळी उरलेल्या मैलांचा हिशेब करीत बसत नाही. समोरच्या वळणापर्यंत जावयाचे, एवढेच तो ठरवितो. ते वळण आले की पुढच्या झाडापर्यंत. मोठे संकट असे लहान लहान तुकड्यांत वाटून घेतले, म्हणजे मन त्याला बिचकत नाही. हीच युक्ती अवघड गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्यासही उपयोगी पडते.

अ‍ॅक्नकॅरीच्या शिक्षणाचे दुसरे सूत्र होते सोबत. झाडाचा एक जड ओंडका अनेकांनी मिळून खांद्यावर घ्यावयाचा, एकदम वर उचलावयाचा, एकदम दुसऱ्या खांद्यावर न्यावयाचा, असा व्यायाम तेथे असे. एकाने अंग चोरले की त्याचा भार शेजाऱ्यावर पडे आणि ते तत्काळ सर्वांच्या ध्यानात येई. प्रत्येक सैनिकाजवळ सुमारे ६ फूट लांबीचा एक दोर असे. त्याच्या एका टोकास फास आणि दुसऱ्या टोकास लाकडी खुंटी असे. एकाची खुंटी दुसऱ्याच्या फासात अडकविली की दोर जोडले जात. एकट्याचा दोर ओढा ओलांडण्यास अपुरा पडे; पण सर्वांचे दोर एकत्र आले की त्यांचा पूल होई आणि त्यावरून सारे पथक नदीपार जाई. चढाईच्या वेळीही सैनिक जोडीने काम करीत. एकजण पुढे सरके तेव्हा दुसरा गोळीबार करून त्याचे रक्षण करी. मग दुसऱ्याची पाळी येई. आपला जीव सोबत्याच्या हाती आणि सोबत्याचा जीव आपल्या हाती आहे, ही जाणीव अशी रोजच्या कामातून अंगी मुरे.

तिसरी तयारी होती भयाशी सामना करण्याची. आर्केग नदीच्या काठच्या एका उंच झाडावरून पलीकडच्या तीरापर्यंत तिरपा दोरखंड बांधलेला असे. त्यावर आपला लहान दोर टाकावयाचा, त्याची दोन्ही टोके हातांत घट्ट धरावयाची आणि खालच्या फेसाळ पाण्यावरून घसरत पैलतीरी जावयाचे! या घसरणीला सैनिकांनी ‘मृत्यूची घसरण’ असे नाव दिले होते. शेवटच्या परीक्षेत रात्रीच्या अंधारात होड्या वल्हवीत लॉक लॉकीच्या काठी उतरावे लागे. त्या वेळी शिक्षक होड्यांच्या आसपास खऱ्या गोळ्या झाडीत व स्फोट घडवीत. हे शिक्षण धोक्याचे होते. त्यात काही जणांचे प्राणही गेले. तरी ते चालू ठेवण्यात आले, कारण गोळ्यांचा आवाज प्रथम रणांगणावरच ऐकणारा सैनिक गोंधळून जातो आणि त्याच्या गोंधळाने साऱ्या पथकाचा घात होतो. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास जलद होतो, हात कापतात. अशी स्थिती पूर्वी अनेकदा अनुभवलेली असली, तर मन तिला ओळखते आणि हातचे काम सोडीत नाही. निर्भय माणूस म्हणजे ज्याला भीती वाटतच नाही असा माणूस नव्हे. भीती वाटत असताही जो आपले काम चुकवीत नाही, तो निर्भय होय.

या केंद्रात अधिकारी आणि सामान्य सैनिक असा भेद शिक्षणाच्या बाबतीत पाळला जात नसे. चिखल, थंडी आणि कूच सर्वांना सारखीच असे. जो टिकाव धरू शकत नसे, त्याला त्याच्या पूर्वीच्या पलटणीत परत पाठविण्यात येई. यात त्याची अप्रतिष्ठा करण्याचा हेतू नसे. प्रत्येक मनुष्य प्रत्येक कामासाठी नसतो, एवढाच त्याचा अर्थ. जे उत्तीर्ण होत, त्यांना पुढे हिरवी टोपी मिळू लागली.

युद्ध संपेपर्यंत सुमारे २५,००० सैनिकांनी येथे शिक्षण घेतले. त्यांत ब्रिटिशांखेरीज अमेरिकन, फ्रेंच, बेल्जियन, डच आणि नॉर्वेजियन सैनिक होते. हिटलरच्या छळामुळे जर्मनी व ऑस्ट्रिया सोडून आलेले ज्यू तरुणही होते. भाषा निराळ्या होत्या, पण ओंडका एकच होता.

या शिक्षणाचा कस ६ जून १९४४ रोजी लागला. त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्यांत फिलिप किफर यांच्या नेतृत्वाखालील १७७ फ्रेंच कमांडो होते. त्यांपैकी अनेकांनी १९४० साली मायभूमी सोडली होती. आता पाठीवर जड ओझे घेऊन, गोळ्यांच्या वर्षावातून ते तिच्या वाळूवर परत पाऊल ठेवीत होते. विस्ट्रेआम गावातील शत्रूचे एक मजबूत ठाणे त्यांनी झुंजून जिंकले. किफर स्वतः जखमी झाले. नॉर्मंडीची मोहीम संपली, तेव्हा त्या १७७ जणांपैकी केवळ २४ जण मृत्यू व जखमा यांपासून बचावले होते. उत्तम शिक्षणही युद्धाची किंमत पुसून टाकू शकत नाही, हे येथे विसरून चालणार नाही.

युद्धानंतर अ‍ॅक्नकॅरीचे केंद्र बंद झाले. परंतु तेथील पद्धतीचा वारसा ब्रिटनच्या रॉयल मरीन्स दलाने पुढे चालविला. आजही त्या दलातील उमेदवारांना ९ मैलांची कूच ९० मिनिटांत पूर्ण करावी लागते. अखेरच्या परीक्षेत डार्टमूरच्या ओसाड माळावरून ओझ्यासह ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर अंतर ८ तासांत तोडावे लागते. अधिकाऱ्यांना तर त्यासाठी ७ तासच मिळतात. ज्याने पुढे इतरांना न्यावयाचे, त्याने इतरांहून अधिक कष्ट करावयाचे, असा त्याचा अर्थ आहे.

स्पीन ब्रिजजवळील टेकडीवर १९५२ साली कमांडोंचे स्मारक उभारण्यात आले. कांस्याचे तीन सैनिक तेथे खांद्याशी खांदा लावून आपल्या तालमीच्या डोंगरांकडे पाहत उभे आहेत. नॉर्मंडीत उतरलेल्या त्या १७७ फ्रेंच कमांडोंपैकी शेवटचे हयात असलेले लेऑं गोतिए २०२३ साली, वयाच्या १०० व्या वर्षी निवर्तले. उतारवयात ते विस्ट्रेआम येथेच राहत. नॉर्मंडीत शत्रुपक्षाकडून लढलेला एक जर्मन सैनिक तेथे त्यांचा जिवलग मित्र झाला होता, आणि नव्या पिढीला ते शांततेचे मोल सांगत असत. कठोर तालमीने त्यांचे शरीर आणि मन खंबीर झाले होते. हृदय मात्र कठोर झाले नव्हते.